चॉकलेटचा टंच

"खामगावात माणूस जोडवी घेताना चांदीचा टंच विचारतो. चॉकलेटचा टंच मात्र कोणी विचारत नाही!"

माझ्या धाकट्या बहिणीने हा बार तिच्या वहिनीवर, म्हणजे माझ्या बायकोवर टाकला. हातात वहिनीनेच केलेली चॉकलेटची वडी होती. नखाने वरचा लाल चमकीचा कागद सोलून ती वडीची पाठ उजेडाकडे धरून पाहत होती, सराफ नाणं पाहतो तसं. मे महिना, दुपारचे तीन, बाहेर चव्वेचाळीस अंश. घरात कूलर घरघरत होता आणि भांडणाला लागणारी सगळी सामग्री टेबलावर मांडलेली होती.

दोन्ही पक्षांची ओळख करून देतो. बायको कित्येक वर्षं घरून चॉकलेटं करते. संक्रांतीचं वाण, बारसं, राखी, दिवाळीचे डबे. ऑर्डरी एसटीने मेहकर, चिखली, जळगाव जामोदपर्यंत जातात. अन्न सुरक्षेची नोंदणी आहे, वही आहे, उधारीही आहे. बहीण पुण्यात असते. गेल्या काही वर्षांत तिला चॉकलेटची चव 'घेण्याचा' नाद लागला आहे. खाण्याचा नाही, घेण्याचा. महाराष्ट्र एक्सप्रेसने ती शेगावला उतरली तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात बर्फाच्या पिशव्या भरलेली थर्मोकोलची पेटी होती. आत कोचीच्या पॉल अँड माइकची आणि हैदराबादच्या मनमची चॉकलेटं. इडुक्कीचा कोको, पश्चिम गोदावरीचा कोको. आंब्याची पेटी असावी असा माझा समज झाला होता.

"टंच विचारता ना ताई?" बायको म्हणाली. "मग शंभर नंबरी चांदीची जोडवी करून घाला पायात. आठ दिवसांत वाकते. सोनार त्यात तांबं टाकतेच. माझ्या वडीतलं तांबं म्हणजे पामचं तेल. त्याच्यामुळं ते टिकते."

"तांबं किती टाकलं ते सोनार सांगतो, वहिनी. तुम्ही सांगता?"

यावर बायको गप्प बसली. पण ती हरली म्हणून गप्प बसत नाही, उत्तर शोधायला बसते, हे मला माहीत आहे. तेवढ्या वेळात बहिणीने व्याख्यान दिलं. त्याचं सार असं.

कोकोचं बी आंबवतात, वाळवतात, भाजतात, दळतात. त्या दळणात निम्म्याहून थोडी जास्त चरबी असते. तिचं नाव कोको बटर. १८२८ साली ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन यांच्या कारखान्याने दाब देऊन ही चरबी वेगळी काढण्याची रीत शोधली. तेव्हापासून बटर एका वाटेने जातं आणि उरलेली पेंड, म्हणजे कोको पावडर, दुसऱ्या वाटेने. खऱ्या चॉकलेटमध्ये बटर असतं. आणि वहिनी ज्याचे स्लॅब आणतात, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या मंचरच्या मोर्डेंसारख्या कारखान्यांत होणारं कंपाउंड, त्यात पावडर, साखर आणि बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी. म्हणून कायद्यानेही त्याला नुसतं चॉकलेट म्हणता येत नाही. स्लॅबच्या कागदावर कंपाउंड असं लिहिलेलं असतं. वडीच्या चमकीवर मात्र काही लिहिलेलं नसतं.

"आणि फरक कशात पडतो माहीत आहे?" बहिणीने पुढे चालवलं. "कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळतं. तोंड सदतीसचं. म्हणजे चावायची गरजच नाही. जिभेवर ठेवलं की स्वतःहून विरघळतं. जगात इतकी शहाणी चरबी दुसरी नाही."

"चौतीस!" बायकोला उत्तर सापडलं. "ताई, मार्च लागला की माझं स्वयंपाकघरच चौतीसच्या वर राहते. तुमची शहाणी चरबी तोंडात जायच्या आधी डब्यातच विरघळून राहिली. एसटीच्या टपावर ठेवलेल्या डब्याचं काय होईल सांगा. मेहकरच्या बाईनं बारशाला झाकण उघडलं तर आत काय, रबडी?"

मुद्दा बिनतोड होता. बहिणीलाही तो कळला होता, कारण आदल्याच पहाटे तिने स्वतः खरं चॉकलेट साच्यात घालायचा घाट घातला होता. त्याला टेम्परिंग म्हणतात आणि ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगतो. डार्क चॉकलेट पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत वितळवायचं, मग हलवत हलवत सत्तावीस-अठ्ठावीसवर आणायचं, मग पुन्हा एकतीस-बत्तीसवर न्यायचं. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठू शकतं आणि त्यातली एकच तऱ्हा चकाकी देते, कट् असा आवाज देते आणि जिभेवर नीट वितळते. ती साधायची म्हणून हे सगळे चढउतार. खामगावात मेच्या पहाटे चार वाजता खोलीच मुळी तीस अंशांची. चॉकलेट सत्तावीसवर आणणार कसं? भांडं बर्फाच्या पाण्यात धरलं. वर कूलर सुरू. कूलरची हवा म्हणजे पाणी प्यालेली हवा, आणि वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचं वावडं. थोडा ओलावा लागला की सगळं घट्ट होऊन वाळूसारखा गोळा बनतो. निम्मं तसं गेलं. उरलेलं साच्यात गेलं, गोठलं आणि सकाळी त्याच्यावर राखाडी रेघा उमटल्या होत्या.

"शिबं आल्यासारखी झाली हो वडी," बायको म्हणाली होती. त्यावर बहीण "ते खायला चालतं, नुसती चरबी वर आली आहे" असं म्हणत राहिली. ते खरं आहे. पण बारशाला चालत नाही.

"न वितळणारं चॉकलेट करायचा प्रयत्न काय आपणच केला नाही," बहीण आता इतिहासात शिरली. "१९३७ साली अमेरिकेच्या लष्कराने हर्शी कंपनीला सैनिकांसाठी वडी करायला सांगितली. अटी अशा, की ती उष्णतेत टिकली पाहिजे, ताकद दिली पाहिजे आणि चवीला उकडलेल्या बटाट्याहून थोडीशीच बरी पाहिजे. जास्त चांगली लागली तर शिपाई संकटाची वाट न बघता खाऊन टाकतील. त्यांनी केली तशी. पुढे १९४३ साली गरम मुलखांसाठी आणखी एक केली. ती एकोणपन्नास अंशांत तासभर टिकायची."

"मग? मिळाली ना खामगावची वडी!"

"मिळाली. पण शिपाई ती फेकून द्यायचे, वहिनी. वितळणं काढून घेतलं की चव जाते. तुमच्या वडीचं तेच होतं. चावा, गोड लागतं, मग टाळूला मेणासारखा थर बसतो आणि पाणी प्यावंसं वाटतं."

इथे बायको दुखावली. मलाही ते लागलं, कारण त्या वड्यांवर आमच्या घराचे बरेच खर्च निघाले आहेत. पण खोटं नव्हतं.

मी मध्ये पडलो ते भांडण मिटवायला नाही, थोडी भर घालायला. आमच्या लहानपणी खामगावात चॉकलेट म्हणजे काचेच्या बरणीतलं रावळगाव, लिमलेट आणि किस्मी. वालचंद हिराचंदांनी मालेगावजवळ रावळगावला १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४२पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. साखर उकळून केलेली ती गोळी उन्हाला भीत नव्हती, म्हणून ती वाण्याच्या फळीवर टिकली. कॅडबरी भारतात आली १९४८ साली. पण आमच्या बाजूच्या दुकानांत ती नीट राहू लागली ते कंपन्यांनी दुकानदारांना काचेची थंड कपाटं दिल्यावर. त्याआधीची डेअरी मिल्क मे महिन्यात एकदा वितळून पुन्हा गोठलेली असायची. वरचा कागद सोलताना चॉकलेट चांदीला चिकटून यायचं आणि आम्ही चांदी चाटायचो. २००३च्या ऑक्टोबरात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला काही नमुन्यांत अळ्या सापडल्या तेव्हा राज्यभर केवढा गहजब झाला! साठवण नीट नसणं हेच त्यामागचं दुखणं असल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी वेष्टण बदललं, जाड झालं, कडेने सीलबंद झालं. चांदी चाटायची सोय गेली.

"ऐकलं?" बायको म्हणाली. "एवढ्या मोठ्या कंपनीलाही आमचं ऊन झेपलं नाही. मी बाई एकटी, एक फ्रीज आणि लाइट गेली की देवाचं नाव."

बहिणीने मग पैशांची बाजू काढली आणि ती तिच्यावरच उलटली. आमच्या गावाला न्यूयॉर्कचा बाजार नवा नाही. कापसासाठी जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली, आणि न्यूयॉर्कच्या कापसाचा भाव इथे आडत्यापासून आकडा लावणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असायचा. आज त्याच न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कापसाशेजारी कोकोचाही सौदा होतो. आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. तिथे पाऊस बिघडला, झाडं म्हातारी झालेली, त्यात रोग. २०२२च्या अखेरीला टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला कोको २०२४च्या डिसेंबरात बारा हजारांच्या वर गेला.

"तेव्हा तुमच्या इडुक्कीवाल्यानं काय केलं?" बायकोने विचारलं.

"किंमत वाढवली."

"माझाही स्लॅब महागला. पण मी वडी लहान केली नाही, पाच रुपयाचे सहा केले आणि तेवढ्यानंच वरवट बकालची बाई दोनदा फोन करून बोलली. तिला लेकीच्या वाढदिवसाला शाळेत पोरीपोरींना एकेक वडी वाटायची होती. साठ पोरी. तुमचं ते सत्तर टक्के कोकोवालं साठ पोरींना वाटायला तिनं शेत विकावं काय?"

"जीएसटी तरी कमी झाला," मी म्हणालो. २०२५च्या सप्टेंबरात चॉकलेटवरचा कर अठरा टक्क्यांवरून पाचवर आला. दोघींनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

चव घेण्याचा कार्यक्रम संध्याकाळी झाला. फ्रीजमधून काढलेलं चॉकलेट लगेच चाखायचं नसतं, थंडीने जीभ बधिर होते, म्हणून बहिणीने तुकडे बशीत काढून दहा मिनिटं झाकून ठेवले. त्यासाठी कूलर बंद. आम्ही घामाने निथळत बसलो. तीन तुकडे होते: पश्चिम गोदावरीचं सत्तर टक्के, दुकानातली डेअरी मिल्क आणि बायकोची साधी वडी, काजू न घातलेली.

"आधी मोडा आणि ऐका," बहीण म्हणाली. सत्तर टक्केवालं कट्‌कन तुटलं, कडा स्वच्छ. बायकोची वडी तुटायच्या आधी जराशी वाकली. "आता नाकाशी न्या. आता जिभेवर ठेवा. चावू नका. बोलू नका."

"किती वेळ?"

"मिनिटभर."

"एवढ्या शांततेत तर मी शेगावच्या महाराजांचा प्रसादही खात नाही," बायको पुटपुटली, पण ठेवलं तिने जिभेवर. मी तिच्याकडे पाहत होतो. आधी तोंड वाकडं झालं. मग भुवया जवळ आल्या. मग ती थांबली. कडू चॉकलेट प्रथम काहीच देत नाही. जरा थंड लागतं, कारण वितळताना ते जिभेचीच ऊब ओढून घेतं. मग कडा मऊ होतात, कडवटपणा येतो आणि त्याच्या मागून आंबटसर काहीतरी, भिजवलेल्या काळ्या मनुकांसारखं. गिळल्यावरही ते घशात बराच वेळ राहतं. गोडी शेवटी येते आणि ती साखरेची आहे की कडवटपणा संपल्याची, हे मला सांगता आलं नाही.

"आंबट काहून लागते हे?" बायकोने विचारलं. तिची वडी ओळखायची जीभ तयार आहे, हे त्या प्रश्नातच होतं.

"बी आंबवतात ना, त्यामुळे. प्रत्येक ठिकाणचं वेगळं लागतं. तुम्ही शेगावच्या कचोरीचा एक घास खाऊन ती स्टेशनवरची की बाहेरची ते सांगता की नाही? मग चॉकलेटचंच काय घोडं मारलं?"

"कचोरी आमची आहे, ताई."

"कुठली आमची? फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने शेगाव स्टेशनावर ती सुरू केली. जीभ लागली म्हणून आपली झाली."

हा घाव बरोबर बसला. पण बायकोने दुसऱ्या टोकाने धरलं. तिचं म्हणणं असं, आणि मला ते बहिणीच्या सगळ्या व्याख्यानाहून वजनदार वाटलं: कचोरी खाताना कोणी डोळे मिटत नाही. गाडी दोन मिनिटं थांबते, हात तेलकट होतात, तळलेली मिरची ठसका लावते, शेजारच्या बाकावरच्या अनोळखी पोराला अर्धी द्यावी लागते. मजा ती आहे. पोट्टे चॉकलेट खातात तेव्हा ओठांभोवती मिशा येतात, बोटं फ्रॉकला पुसली जातात, चमकीचा कागद नखाने सरळ करून वहीत ठेवला जातो. जी वस्तू खाताना गप्प बसावं लागतं, घाम येत असताना कूलर बंद करावा लागतो, एका तुकड्यावर थांबावं लागतं, तिला चैन म्हणायचं की उपास?

"चैन म्हणजे जास्त खाणं नव्हे, वहिनी."

"गरिबाघरची चैन जास्तच असते. कमी तर रोजच असते."

बहीण पहिल्यांदा निरुत्तर झाली. तिने उरलेला तुकडा कागदात गुंडाळला आणि पुणेरीपणाचा मुखवटा सोडून म्हणाली, "बरं बाई, तुमचंच खरं. पण मले पाणी द्या, तुमच्या वडीनं टाळू धरला."

बोलण्याची गाडी चॉकलेट पिण्यावर आली ती या पाण्यामुळे. आमच्या पिढीला पिण्याचं चॉकलेट म्हणजे बोर्नव्हिटा. तीही १९४८पासूनची. रविवारी विविध भारतीवर अमीन सायानींची बोर्नव्हिटा प्रश्नमंजूषा लागायची आणि आम्हाला वाटायचं की ती पिणारा मुलगा हुशारच होतो. २०२४च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका असं कळवलं, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की आपण दुधात मुख्यतः साखर ढवळत होतो. चव मात्र छान होती. आजही आहे. मी गुपचूप कोरडीच खातो.

बायकोचा भाऊ सुरतेला कापडाच्या धंद्यात आहे. तिकडून आमच्या घरी कोल्ड कोको आला. सुरतेत तो हातगाडीपासून दुकानापर्यंत कुठेही मिळतो. दूध उकळायचं, थोड्या गार दुधात कोको पावडर, साखर आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर गुठळी न राहू देता कालवून त्यात सोडायचं, दाट होईपर्यंत ढवळायचं, मग फ्रीजमध्ये रात्रभर. बायको त्यात मिठाची चिमूट टाकते. ती टाकली नाही तर कोको बोलत नाही, असं तिचं म्हणणं. म्हशीचं दूध असलं की पेल्याच्या काठाला तपकिरी रेघ धरते आणि शेवटचा घोट बोटाने काढावा लागतो.

बहिणीने तो प्यायला. दुसरा पेला मागितला. काही बोलली नाही.

"यात आहे का हो तुमचं शहाणं बटर?" बायकोने विचारलं.

नावापुरतंच. कोको पावडर म्हणजे बहुतेक बटर काढून घेतल्यावर उरलेली पेंडच. चरबी मुख्यतः दुधाची. या पेल्यात खरं आणि कंपाउंड असा वादच उरत नाही. बहिणीच्या चॉकलेटातला कोको आणि वहिनीच्या वडीतला कोको इथे एकाच तपेल्यात येतात. वितळण्याची भीती संपते, कारण वितळायला काही शिल्लकच नाही.

मला विचाराल तर वऱ्हाडच्या हवेत चॉकलेटचं सरळ रूप हेच आहे आणि इतिहासही याच बाजूने बोलतो. आजच्या इक्वेडोरमध्ये माणसं ५,३०० वर्षांपूर्वी कोको वापरत होती, हे तिथे सापडलेल्या भांड्यांच्या तपासणीतून २०१८ साली पुढे आलं. माया आणि अॅझ्टेक लोक कोको प्यायचे, त्यात मिरची घालायचे, मक्याचं पीठ घालायचे. युरोपातही दोन-तीनशे वर्षं तो मुख्यतः पिण्याचाच पदार्थ होता. चावून खायची वडी इंग्लंडच्या फ्राय कंपनीने १८४७ साली केली, दुधाची वडी स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटरने १८७५ साली. थंड देशांनी आपल्या हवेला शोभेल असं रूप दिलं आणि मग ते गरम देशांना विकलं. त्या वडीसाठी आपण फ्रीज घेतले, काचेची कपाटं ठेवली, थर्मोकोलच्या पेट्या वाहिल्या. कोकोचं झाड स्वतः मात्र विषुववृत्ताच्या आसपासचं, उकाड्यातलंच.

"दादा, मिरचीचं मी सांगणार होते," बहीण म्हणाली. "आणि फेसाचं. त्यांच्यात फेसाला मान होता. उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचे. पुढे मेक्सिकोत त्यासाठी लाकडी घुसळणी आली. मोलिनियो म्हणतात. दोन तळहातांत धरून फिरवायची."

"रवी?" बायको उठून उभीच राहिली.

"रवीच. खाली नक्षी जास्त, एवढंच."

पहाटे साडेपाचला दोघी स्वयंपाकघरात होत्या. त्या वेळी खामगावात वारा जरा माणसात असतो. बहिणीने सत्तर टक्केवालं चॉकलेट किसणीवर किसलं, उकळत्या पाण्यात टाकलं, दूध नाही, साखर नाही, गुळाचा एक खडा. बायकोने ताकाची रवी घासून, उन्हात न वाळवता फडक्याने कोरडी करून घेतली आणि तळहातांत फिरवायला लागली. फेस आला, तपकिरी, बारीक बुडबुड्यांचा. पाण्यातलं चॉकलेट दुधातल्याहून जास्त मोकळं बोलतं. आंबटपणा वर येतो, भाजलेल्या बियांचा वास नाकाला लागतो. आमच्या आईने एक घोट घेतला आणि पेला परत दिला. "कढण आहे," एवढंच म्हणाली. आम्ही तिघांनी मात्र पूर्ण प्यायलं. बायकोने तर शेवटच्या घोटात चिमूटभर तिखट टाकून पाहिलं. नंतर बराच वेळ पाणी प्यायली नाही, म्हणजे आवडलं असावं.

"हे विकता येते काय, ताई? थंडीत? हळदीकुंकवाला मसाला दुधाच्या जागी?"

"येईल की. पण चांगलं चॉकलेट लागेल. पावडरने हा फेस येणार नाही."

"म्हणजे महाग."

"महाग."

"मग पेला लहान करीन."

वड्यांचा वाद मात्र तसाच राहिला होता आणि नाश्त्याला बहिणीने तो पुन्हा काढला. तिचं एकच मागणं होतं. डब्यावर 'चॉकलेट' एवढंच छापू नका. आत काय आहे ते लिहा.

"मी कुठं लपवून राहिली?" बायको म्हणाली. "कोणी विचारलं तर सांगते."

"विचारायला त्यांना माहीत कुठे आहे?"

मी यात बहिणीच्या बाजूचा आहे. खाणाऱ्याला काय आवडावं हे कोणी शिकवू नये, पण काय खातो आहे ते त्याला कळलं पाहिजे. ते मी म्हणालो नाही. नाश्ता अजून व्हायचा होता.

बायकोने बराच विचार केला. "लिहीन," ती म्हणाली. "मराठीत, मोठ्या अक्षरात. यात कोको बटरच्या जागी वनस्पती तेल आहे, म्हणून हे उन्हात टिकते. आणि किंमतही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहीन."

"लिहा. आणि दिवाळीला थोडे डबे खऱ्याचे करून बघा. तेव्हा हवा बरी असते."

"ऑक्टोबरची हीट तुम्ही पुण्यात विसरल्या ताई. पण करीन. बटरवाल्या मालाचे पैसे आधी गुंतवावे लागतील. गिऱ्हाईक पाहिजे पक्कं."

"मिळेल."

"पहिलं कोण?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं.

"दादाकडं पाहू नका. तो कोरडा बोर्नव्हिटा खाते. पहिली ऑर्डर तुमची. दहा डबे, अर्धे पैसे आगाऊ."

"नणंदेकडून आगाऊ घेता, वहिनी?"

"नणंदेकडूनच घेते. बाकीच्यांची उधारी वसूल होते."

बहिणीने फोन काढला, पैसे टाकले. बायकोने वही ओढून लिहिलं: पुणे, दहा डबे, कोको बटरचे, एसटीने नाही, रात्रीच्या एसी ट्रॅव्हल्सने. मग थोडं थांबून खाली आणखी एक ओळ घातली: ट्रॅव्हल्सचं भाडं ताईंकडे.